शेवटच्या फडाचं पाणी

माझं हृदय अर्धंच आहे. नव्या ओळखीत हे मी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत सांगून टाकते. पहिल्याच भेटीत सांगितलं तर लोक हळू आवाजात बोलायला लागतात, आणि फार उशिरा सांगितलं तर रागावतात. अर्धं म्हणजे अगदी मोजून अर्धं नव्हे. तुमच्या हृदयात दोन पंप असतात. एक रक्त फुप्फुसांकडे ढकलतो, दुसरा उरलेल्या अंगाकडे. माझ्यात जन्मापासून एकच पंप धड होता. मी चार वर्षांची असताना नाशिकच्या डॉक्टरांनी तो अंगाच्या कामाला लावला. मग अंगातून परतणाऱ्या दोन मोठ्या शिरा, एक डोक्याकडून खाली येणारी आणि एक पोटाकडून वर येणारी, त्यांनी थेट फुप्फुसांच्या नळ्यांना जोडून दिल्या. त्या जोडावर पंप नाही. तिथून रक्त आपलं आपण जातं, असं त्यांनी घरच्यांना सांगितलं.

अप्पांना ते वाक्य कधीच पटलं नाही. अप्पा म्हणजे माझे वडील, हिरामण देसले, पांझरेच्या काठावरच्या आमच्या मोहखेडीचे पाटकरी. पाणी आपलं आपण कुठेही जात नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याला उतार लागतो, आणि उतारानं ते भलतीकडे जाऊ नये म्हणून एक माणूस लागतो. तो माणूस आमच्या गावात गेली तीस वर्षं तेच आहेत.

आमच्याकडे अजून फड पद्धत आहे. नदीवर जुना दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटावर चार फड, म्हणजे शेतांचे चार पट्टे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाटकरी देईल तेवढंच घ्यायचं. आता पाटाच्या कडेला सरकारी खांब आले आहेत आणि ते पाण्याची उंची मिनिटामिनिटाला फोनवर पाठवतात. अप्पा फोन खिशात ठेवतात आणि पाटाच्या कडेनं चालत जातात. बंधाऱ्याचं दार उघडलं की तोंडाशी हात धरून पाणी आल्याची हाक देतात, "पानी उनं रेऽऽ." ती हाक फडाफडांतून पुढे जाते. पाणी शेवटच्या फडाला लागलं की तिथला माणूस उलट हाक देतो, "पोचनंऽऽ," आणि ती तशीच शेताशेतांतून बंधाऱ्यापर्यंत परत येते. ती येईपर्यंत अप्पा भाकरीचं फडकं सोडत नाहीत. गावाला वाटतं, त्यांचा काहीतरी नवस असावा.

माझं लहानपण बंधाऱ्यावरच्या जांभळीखाली गेलं. पाटाच्या दुसऱ्या दाराच्या पुढे जायची मला परवानगी नव्हती, आणि शेवटचा फड तिथून तीन किलोमीटर. जांभळीखाली पडून मी पाण्याकडे बघत राहायची. दुपारी ऊन पानांतून खाली यायचं, पाण्यावर चतुर तरंगायचे, आणि माझी झोप नेमकी तेव्हा लागायची जेव्हा अप्पांची हाक दूर जात असे. परतीच्या हाकेनं जाग यायची. मधल्या वेळात पाणी कुठे कुठे गेलं असेल ते मी स्वप्नात बघायची. मोठेपणी कोण होणार असं शाळेत विचारलं, की मी सांगायची, शेवटच्या फडातली बाई. गुरुजी हसायचे. मी मात्र अगदी खरं सांगत होते.

एकविसाव्या वर्षी माझी नखं निळी पडायला लागली. तोवर माझं बरं चाललं होतं. शाळेच्या पुस्तकांसाठी घरी बसून चित्रं काढायची, आईशी भांडायचं, जिना दोन दमांत चढायचा. मग दोनाचे चार दम झाले. आईनं आधी थंडीला दोष दिला, मग माझ्या कमी जेवणाला, आणि शेवटी गप्प झाली. आई गप्प झाली की आमच्या घरात सगळ्यांना कळतं की आता नाशिकला जायला हवं.

नाशिकच्या त्या इस्पितळात तेव्हा नवं यंत्र आलं होतं. कागदोपत्री त्याला हातभर लांब नाव आहे, तिथले लोक त्याला दर्पण म्हणतात. यंत्र तसं एमआरआयचंच, मोठ्या चुंबकाचं. जुनं यंत्र हृदयाचा आकार दाखवायचं. रक्ताचा प्रवाह बघायचा तर अर्धा तास आत पडून राहावं लागे, शेकडो ठोक्यांची सरासरी निघे आणि चित्र दुसऱ्या दिवशी मिळे. दर्पण चालू घडीचा प्रवाह दाखवतं. एका श्वासात रक्त कुठून कुठे गेलं, ते त्याच श्वासात पडद्यावर.

ते कसं दाखवतं हे मला डॉक्टर तस्नीम काझींनी समजावलं. त्या माझ्या डॉक्टर, उंच, सावकाश बोलणाऱ्या, स्वतःचा चहा नेहमी विसरणाऱ्या. त्या म्हणाल्या, लेझमीची रांग डोळ्यांसमोर आण. चुंबक रक्तातल्या पाण्याच्या कणाकणाला एका तालावर नाचायला लावतं. मग ते जागेजागेचा ताल क्षणभर बदलतं, इथे थोडा जलद, तिथे थोडा संथ, आणि लगेच तेवढाच उलटा बदलतं. जो कण जागच्या जागी उभा होता, त्याची चूक भरून निघते आणि तो पुन्हा तालात येतो. जो मधल्या वेळात सरकला, तो ताल चुकवून बसतो. जितका जास्त सरकला तितका जास्त चुकतो. यंत्र फक्त कोण किती चुकला तेवढं ऐकतं, आणि त्यावरून कोण कुठून कुठे चाललाय ते सांगतं. मला हे फार आवडलं. जन्मभर माझ्या चुका मोजणारी माणसं भेटली, चुकांतून वाट दाखवणारं कुणी भेटलं नव्हतं.

यंत्र चालवायचे ते घुगे. घुगेंच्या खोलीत हसलं तरी ते वही काढतात की काय अशी भीती वाटायची. त्यांनी मला सांगितलं की हलायचं नाही, बोलायचं नाही, फक्त श्वास घ्यायचा. बोललं की छाती हलते आणि चित्र बिघडतं. मग फळी आत सरकली.

आत माझ्या डोळ्यांवर एक छोटा पडदा होता, आणि त्यावर मी होते. माझं आतलं सगळं अंधारात, आणि अंधारात प्रकाशाचे धागे. वरून एक झोत खाली येत होता, खालून एक वर. दोघे जिथे भेटत तिथे एक संथ भोवरा फिरत होता आणि त्यातून धागे उजवीकडे-डावीकडे जात होते. मी श्वास आत घेतला की खालचा झोत लांब होऊन वर चढे. श्वास सोडला की जरा थबके. बाहेर यंत्राचा खडखडाट चालू होता आणि मला मात्र जांभळीखाली पडल्यासारखं वाटत होतं. मी झोपले नाही, पण जागीही नव्हते. हे सगळं इतकी वर्षं माझ्या आत चाललं होतं आणि मला कुणी बोलावलं नव्हतं, याचा थोडा रागही आला.

मग काझी बाईंनी यकृतातून येणारं रक्त तेवढं पिवळं करून दाखवलं. पिवळा धागा वर चढला, भोवऱ्याशी आला, आणि सगळाच्या सगळा उजव्या फुप्फुसाकडे वळला. डावीकडे एकही पिवळी रेघ गेली नाही.

नखं निळी पडण्याचं कारण तेच होतं. यकृताच्या रक्तात काहीतरी असतं. नेमकं काय ते अजून पक्कं सापडलेलं नाही, पण फुप्फुसांना ते लागतं. ते ज्या फुप्फुसाला मिळत नाही, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आडवाटा काढायला लागतात. रक्त हवेला भेटण्याआधीच त्या आडवाटांनी निघून जातं, आणि जसं गेलं तसंच निळं परत येतं. माझं डावं फुप्फुस गेली काही वर्षं असंच कोरडं पडत चाललं होतं. जोड पुन्हा करावा लागणार होता, आणि तो कसा करायचा हे आधी दर्पणच्या पडद्यावर करून बघता येणार होतं.

अप्पांना हे सगळं बघायचं होतं. काझी बाईंनी त्यांना पडद्यासमोर बसवलं, आणि अप्पांनी पहिल्या दिवशी माझी लाज काढली. त्यांनी अर्धा तास चित्र बघितलं, खिशातल्या वहीत रेघा ओढल्या, आणि सांगितलं की डॉक्टरांचं सगळं चुकलंय. वरच्या पाटाचं तोंड अरुंद करा, म्हणजे खाली दोन्ही चाऱ्यांना सारखं पाणी जाईल. काझी बाईंनी नम्रपणे सांगितलं की वरून येतं ते डोक्याकडचं रक्त, आपल्याला यकृताचं हवं आहे. अप्पांनी मान हलवली आणि पुन्हा तेच सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. मी खुर्चीत बसून छताकडे बघत होते. त्यांना वाटत होतं की चित्रातलं वर म्हणजे पाटाचं मूळ आणि खाली म्हणजे शेवट. तीस वर्षं ज्या माणसानं पाणी फक्त खाली जाताना बघितलं, तो दुसरं काय समजणार? यकृताचा पिवळा धागा त्यांना वाहून गेलेलं, वाया गेलेलं पाणी वाटत होता.

शेवटी काझी बाईंनी पिवळ्या धाग्यावर बाण काढला. बाणाचं टोक वर होतं.

अप्पा खुर्चीतून पुढे झुकले. मग त्यांनी हळूच विचारलं, "पानी वर चढी ऱ्हायनं?"

"हो," काझी बाई म्हणाल्या.

"पंप नई, उतार नई. मंग कोण खेची ऱ्हायनं त्याले?"

"ती स्वतः. श्वास आत घेतला की छातीत पोकळी होते, आणि त्या ओढीनं ते वर येतं. दर श्वासाला."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. एवढी वर्षं मला धाप लागली की ते म्हणत, बस, उगीच श्वास वाया घालवू नको. ते काय म्हणाले होते हे त्यांना त्या क्षणी आठवलं असावं, कारण त्यांनी डोळे पुसले आणि धोतराच्या सोग्याला नाकही पुसलं. मला रडू आलं नाही. मला अभिमान वाटला. गावातलं सगळं पाणी खाली जातं आणि माझं तेवढं मी वर ओढते.

दुसऱ्या दिवशी ते सकाळी दहालाच येऊन बसले आणि म्हणाले, "चित्र उलटं करा बरं, ताई." काझी बाईंनी ते उलटं केलं, डोकं खाली, पोट वर. आता पिवळं पाणी वरून उतरत होतं आणि अप्पा आपल्या घरी आले होते. घुगेसुद्धा दारात येऊन उभे राहिले.

तोवर यंत्रानं जोडाचे सत्तरेक नमुने करून बघितले होते. तोंड रुंद, तोंड तिरपं, तोंड दोन ठिकाणी. त्यांतला सगळ्यांत चांगला नमुना पिवळं पाणी उजवीकडे अठ्ठ्याहत्तर आणि डावीकडे बावीस टक्के देत होता, आणि त्यात प्रवाह सगळ्यांत कमी अडखळत होता. अप्पांनी तो बघितला आणि जोडाकडे बोट नेलंच नाही. त्यांचं बोट जोडाच्या बरंच अलीकडे थांबलं, जिथे यकृतातून निघालेली नळी जरा बाजूला झुकते.

"तोंडशी कितीबी दगड ठेवा, ताई. वळणवर पानी ज्या काठले लागनं, तोच काठ धरीसन चालस."

काझी बाई त्या वळणाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी घुगेंना विचारलं, यंत्राला आपण काय काय बदलायची मुभा दिली होती? घुगेंनी वही काढली. फक्त तोंड, ते म्हणाले. वळण बदलावं हे यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं. यंत्र हुशार असतं, पण अंगणाबाहेर जाऊ नको म्हटलं की जात नाही. मी त्याला चांगली ओळखत होते.

वळणाच्या अलीकडे नळीला एक उलटा, हलका बाक द्यायचा, म्हणजे पाणी काठ सोडून मध्यावर येईल आणि मग जोडावर आपोआप वाटलं जाईल, असं अप्पांचं म्हणणं. यंत्राला ते करून बघायला चार तास लागले. उत्तर आलं, उजवीकडे बावन्न, डावीकडे अठ्ठेचाळीस.

पण खाली आणखी एक ओळ होती. दोन बाकांतून जाताना प्रवाह जास्त अडखळणार होता. काझी बाईंनी आम्हाला दोघांना बसवून स्पष्ट सांगितलं. पहिल्या वाटेनं गेलो तर रक्त सरळ जाईल, अंगात जोर येईल, तीन महिन्यांत मी दोन-तीन किलोमीटर आरामात चालेन. डाव्या फुप्फुसाला बावीस टक्के मिळेल. तेवढ्यात काहींचं भागतं, काहींचं नाही. दुसऱ्या वाटेनं डावं फुप्फुस वाचायची आशा बरीच जास्त, पण माझी चाल आजच्याहून फार वाढणार नाही, आणि तीन किलोमीटर बहुधा कधीच नाही. दोन्ही वाटा बरोबर आहेत, त्या म्हणाल्या. निवड माझी. विचाराला त्यांनी पंधरा दिवस दिले.

आम्ही गावी आलो आणि आमच्या घरात उलटंच झालं. ज्या माणसानं मला दुसऱ्या दाराच्या पुढे जाऊ दिलं नाही, तो पहिली वाट घे म्हणून माझ्या मागे लागला. ज्यांनी दुसरी वाट शोधली, तेच तिच्या विरुद्ध बोलायला लागले. आई म्हणाली, यांचं डोकं पण उलटं केलंय वाटतं त्या डॉक्टरणीनं. मी तीन दिवस चित्रांत डोकं घालून बसले. मला चालायचं होतं. शेवटच्या फडात उभं राहायचं होतं. आणि आता ते कुणीतरी हातात देत होतं, माझ्याच अर्ध्या छातीच्या बदल्यात.

चौथ्या दिवशी पाटाला पाण्याची पाळी होती. अप्पांनी दार उघडलं, हाक दिली आणि जांभळीखाली माझ्याजवळ येऊन बसले. फडकं मांडीवर, गाठ तशीच. पाणी आमच्यासमोरून चाललं होतं. सकाळचे नऊ वाजले असतील, पण त्या सावलीत मला नेहमीच दुपार वाटते.

मी विचारलं, तुम्हाला दुसरी वाट का नको?

ते म्हणाले, "माय, तू चाल. तुले चालता येवाले जोयजे." मग जरा थांबून त्यांनी मला त्या वर्षाचं सांगितलं, जे मी कधी ऐकलं नव्हतं.

मी चार वर्षांची होते आणि पाऊस झाला नव्हता. बंधाऱ्यात शेवटच्या एका पाळीपुरतं पाणी होतं. अप्पांनी दार उघडलं, हाक दिली, आणि तेवढ्यात नाशिकहून निरोप आला की खाट मिळाली, आजच्या आज मुलीला आणा. ते तसेच निघाले. दुसऱ्या दाराशी बेशरमाच्या झुडपांचा गोळा अडकला आणि पाणी नाल्याला फुटलं. शेवटचा फड कोरडा राहिला. तिथे झिप्रूतात्याचा भुईमूग होता. तो जळाला. पुढची दोन वर्षंही कोरडी गेली, जमीन धोंड्यासारखी झाली, आणि त्या पट्ट्यात बाभळी उठल्या त्या आजतागायत आहेत. परत आल्यावर अप्पा झिप्रूतात्याकडे गेले. तात्यानं पिकाचा विषयच काढला नाही. पोर कशी आहे, एवढंच विचारलं.

"पानी पोचनं का नई, ते मी इचारं बी नई," अप्पा म्हणाले. त्यानंतर कधीही परतीची हाक ऐकल्याशिवाय त्यांनी भाकरी सोडली नाही.

आता मला कळलं की ते नवसाचं नव्हतं. आणि हेही कळलं की त्यांनी तेव्हा माझ्यासाठी शेवटचा फड सोडला होता, आणि आता पुन्हा माझ्यासाठीच माझ्या आतला शेवटचा फड सोडायला निघाले होते. माया आंधळी असते म्हणतात. माझ्या अप्पांची माया फक्त माझ्याकडे बघते, आणि मग मागे वळून जळलेलं शेत बघून झुरते. मला त्यांचा फार राग आला आणि त्यांना घट्ट धरावंसं वाटलं, दोन्ही एकदम.

मी विचारलं, "अप्पा, सुकेल फड परत हिरवा व्हस का?"

दूरवरून, एका शेतातून दुसऱ्यात उडी मारत, परतीची हाक आली. अप्पांनी फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी मला दिली. मी दुसरी वाट घेतली हे काझी बाईंना मी तिथूनच फोन करून कळवलं.

ऑपरेशन सात तास चाललं म्हणतात. मला त्यातलं एकच आठवतं. गुंगी येताना मी पाटाच्या कडेनं चालत होते, उलट्या दिशेनं, पाण्याबरोबर वर वर. पाय दुखत नव्हते. दोन्ही बाजूंना भुईमूग होता आणि एक म्हातारा खुरप्यानं माती उकरत होता. त्यानं वर न बघता मला विचारलं, पोर कशी आहे. मी सांगितलं, बरी आहे. पुढे पाणी आकाशात चढलं आणि मला तिथवर जायचं होतं, पण तेवढ्यात आईनं माझं नाव घेतलं.

दीड महिन्यानं पुन्हा दर्पणमध्ये जायचं होतं. मधल्या काळात मी जिना तीन दमांत चढत होते, चारात नाही आणि दोनातही नाही. नखं अजून निळसर होती. काझी बाईंनी आधीच बजावलं होतं की पडद्यावरचं बावन्न-अठ्ठेचाळीस हे पडद्यावरचं आहे. शिवलेली नळी कशी बसते, मांस कसं भरतं, हे आत बघितल्याशिवाय सांगता येत नाही. नाही जमलं तर? तर डावं फुप्फुस गेलं, आणि चालही गेली. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मीच रोज आंघोळीच्या वेळी स्वतःशी बोलून दाखवत होते.

त्या दिवशी घुगेंनी माझ्या डोळ्यांवरचा पडदा बंद ठेवला. आपलं रक्त बघून माणसाचा श्वास चढतो आणि प्रवाह बदलतो, म्हणून पहिली तपासणी न बघता. अप्पांना मात्र काचेपलीकडे, पडद्यासमोर बसू दिलं. एवढंच नाही, तर चित्र घेण्याआधी धीर देण्यापुरतं माइकमधून चार शब्द बोलायचीही मुभा दिली. मग मात्र चूप, दोघांनीही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. फळी आत सरकली.

अंधार होता. खडखडाट सुरू झाला. मी श्वास घेत होते. आपल्या रक्ताचं आपल्याला काहीच जाणवत नाही, ही मोठी अजब गोष्ट आहे. बाहेरची माणसं माझ्या आत बघत होती आणि आत मी एकटीच काही बघत नव्हते. शेवटच्या फडातल्या माणसाचं असंच असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. तो पाटाच्या कोरड्या टोकाशी उभा राहतो आणि दूर कुणीतरी दार उघडलंय एवढ्या विश्वासावर वाट बघतो. लहानपणी मला वाटायचं, तिथे उभं राहणं म्हणजे मजा. तिथे उभं राहणं म्हणजे कोरड्या पाटाला कान लावणं.

कानांत काही येईना. एक श्वास. दुसरा. माइक चालू असल्याची बारीक खरखर ऐकू येत होती. अप्पा धीराचे चार शब्द बोललेच नव्हते. तिसरा श्वास मी सावकाश घेतला, खोल, पाठीपर्यंत, जसा मी दीड महिना घ्यायला शिकले होते. तो पुरा भरला तेव्हा खरखरीमागे कुणीतरी खुर्चीवरून उठल्याचा आवाज आला.

मग हाक आली. मोठी नाही. बंधाऱ्यावर जी हाक तीन शेतं ओलांडते ती अप्पांनी जवळजवळ कुजबुजत दिली, कारण घुगेंनी चूप राहायला सांगितलं होतं.

"पानी उनं रे."

मला सांगितलं होतं की बोलायचं नाही. बोललं की छाती हलते आणि चित्र बिघडतं. मला सगळं माहीत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी कानांकडे उतरत होतं आणि ते पुसायला हात हलवायचीही परवानगी नव्हती. पण शेवटच्या फडातून उत्तर गेलं नाही तर बंधाऱ्यावरच्या माणसानं काय करायचं?

"पोचनंऽऽ," मी ओरडले.

खडखडाट थांबला. फळी बाहेर आली. घुगे दारात उभे होते, हातात वही. त्यांनी सांगितलं की डावीकडे पिवळं चांगलंच गेलं होतं, टक्के मोजायच्या आतच सगळं चित्र पुसलं गेलं, आणि आता पहिल्यापासून पुन्हा करावं लागेल. मी सॉरी म्हणाले. त्यांनी टेबलावरचा कापूस माझ्या हातात दिला.

काचेपलीकडे काझी बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. अप्पा खाली फरशीवर बसले होते, आणि जिथे पाण्याची बाटली न्यायलाही बंदी आहे त्या खोलीत, मांडीवर घेऊन भाकरीचं फडकं सोडत होते.